भरलेला फळा

माझं झेरॉक्सचं दुकान आणि गुलाम रसूलचं दुकान यांच्यामधे एकच पत्रा आहे. तिकडचं इकडे ऐकू येतं, इकडचं तिकडे. मी मुद्दाम कान देऊन ऐकतो असं माझी बायको म्हणते. तिनं एकदा मे महिन्यात चंद्रपुरात दुपारभर गिऱ्हाइकाविना दुकानात बसून पाहावं, म्हणजे कळेल. ऐकण्याशिवाय दुसरं काम नसतं. त्या उन्हाळ्यात जे ऐकलं ते ऐकलं नसतं तर बरं झालं असतं असं मला वाटतं. तरी सांगतो, कारण मदीहाबद्दल गावात जे बोललं जातं त्यातलं निम्मं खोटं आहे आणि उरलेलं अर्धवट.

मदीहा ही रसूलभाऊची मुलगी. नागपूरच्या एका कॉलेजात ती विमानांच्या देखभालीची पदवी करत होती. चांगली विद्यापीठाची, तीन वर्षांची पदवी. ही बातमी मोहल्ल्यात आली तेव्हा लोकांनी तिला हवाई सुंदरीच करून टाकलं. तिच्या आईला, नजमाभाभींना, बायका विचारायच्या की पोरगी आता दुबईला जाणार का, आणि येताना काय काय आणणार. मदीहा वैतागायची. "मी विमानात बसत नाई खाला, विमानाच्या पोटात घुसते," असं ती एकीला तोंडावर म्हणाली होती. ते अगदी खरं होतं. पोरगी बारीक अंगाची, त्यामुळे विमानाच्या शेपटीत आत सरकून काम करायचं असलं की वर्गातल्या धडधाकट पोरांना बाजूला सारून तिलाच पुढं करायचे. तिला त्याचा भारी अभिमान होता.

रसूलभाऊचा धंदा नावं घालायचा. लग्नातल्या हंड्यावर, परातीवर, डब्यावर विजेच्या लेखणीनं नावं कोरून देणारे असतात ना, तसा. लग्नसराईत दिवसभर पत्र्यापलीकडून टर्र टर्र चालू असतं आणि माझं डोकं उठतं. भांड्यांशिवाय तो हत्यारांवरही नंबर घालतो. गॅरेजवाले, फिटर लोक आपापले पाने, पकडी घेऊन येतात, म्हणजे एकाचं हत्यार दुसऱ्याच्या पेटीत गेलं तर ओळखता यावं. त्याचं अक्षर मी कुठंही ओळखीन. त्याचा चारचा आकडा वरून बंद असतो. लोक उघडा चार काढतात, हा टोपी घालतो.

तरुणपणी रसूलभाऊ एका मोटर गॅरेजात शिकाऊ होता. तिथली एक रीत त्यानं जन्मभर सांभाळली. उस्तादाचं हत्यार शिकाऊच्या हातून हरवलं तर बोंबलत जायचं नाही. बाजारातून हुबेहूब तसंच आणायचं, त्याच्यावर उस्तादाचा नंबर घालून घ्यायचा, आणि उस्तादाला कळायच्या आत पेटीत ठेवून द्यायचं. उस्तादाचं मन दुखत नाही, शिकाऊची नोकरी जात नाही. गावातल्या गॅरेजांमधे आजही हे चालतं. असं कोणी तोंड पाडून आलं की रसूलभाऊ सगळी भांडी बाजूला ठेवून आधी त्याचं काम करतो, आणि त्याच्याकडून पैसे घेत नाही. "हे काम सवाबाचं, पुण्याचं आहे धनराजभाऊ," असं तो मला म्हणायचा. मलाही त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. माणसाची लाज राखायची, चांगलीच गोष्ट आहे की.

शेवटच्या वर्षाला मदीहाला प्रत्यक्ष कामाचं शिक्षण घ्यायचं होतं, आणि तिच्या नशिबानं ते घराजवळच मिळालं. शहराबाहेर नदीपलीकडे एक लहानशी खाजगी धावपट्टी आहे. पोरापोरींना विमान चालवायला शिकवतात. दोन माणसं बसतील एवढाली विमानं. मदीहा रोज सकाळी निळा डगला घालून तिकडे जायची आणि संध्याकाळी परत आली की बापाच्या दुकानात स्टुलावर बसून दिवसभराचं सांगायची. ही बापलेक आपसात हिंदी बोलतात, पण कामाची गोष्ट निघाली की आपसूक आमच्या बोलीवर येतात. त्यामुळे मलाही विमानाची बरीच विद्या फुकटात मिळाली.

त्यातली फळ्याची गोष्ट तिनं पहिल्याच आठवड्यात सांगितली होती. हँगरच्या, म्हणजे विमानं ठेवायच्या शेडच्या, भिंतीवर एक मोठा फळा असतो. प्रत्येक हत्याराची आकृती त्यावर काळ्या रंगानं काढलेली असते आणि ते हत्यार बरोबर आपल्या आकृतीवर टांगलेलं असतं. काम संपलं की फळ्याकडे पाहायचं. एक जरी काळी आकृती उघडी दिसली तर विमान जागचं हलत नाही. सगळी माणसं सगळं काम सोडून ते हत्यार शोधतात, कारण ते विमानात राहिलं असू शकतं. रसूलभाऊला ही पद्धत फार आवडली. एवढ्याशा पान्यासाठी एवढा मान, असं तो कौतुकानं म्हणाला. दोघंही खूप हसली होती त्या दिवशी.

तिथले देखभालीचे प्रमुख रामटेके सर. कमी बोलणारा, कडक माणूस. मदीहा त्यांना उस्तादच मानायची. त्या आठवड्यात संध्याकाळी फळा पाहायची पाळी तिची होती, आणि रामटेके सर दुपारीच काही कामानं नागपूरला गेले होते. तिनं पिवळ्या पट्ट्याच्या विमानाच्या शेपटीत सरकून, तारा ज्यांच्यावरून सरकतात त्या आतल्या लहान चाकांना ग्रीस लावलं होतं. शेपटी बंद झाली, पोरं घरी गेली, आणि फळ्याकडे पाहते तर एक लहान पाना नाही. बोटाएवढा पाना, पण आकृती उघडी ती उघडीच.

मला हे सगळं तिनं नंतर सांगितलं, म्हणून सांगू शकतो. तिला पक्कं आठवत होतं की जेवणाच्या सुटीत पाना तिच्या डगल्याच्या खिशात होता. पळसाखाली डबा खाल्ला, तिथं पडला असणार. तिनं तिथं माती चाळून पाहिली, गवत पाहिलं, अंधारून येईपर्यंत पाहिलं. तिकडे वाघाचा वावर आहे, चौकीदारानं तिला हाकलून आत आणलं. तेवढ्यात नागपूरहून सरांचा फोन आला, फळा पूर्ण आहे का म्हणून. सकाळी विमान उडायचं होतं.

तिनं हो म्हटलं.

त्याच संध्याकाळी ती दुकानात आली आणि स्टुलावर न बसता उभी राहिली. बाजारातून घेतलेला नवा पाना तिनं बापापुढं ठेवला आणि कागदावर लिहिलेला नंबर दाखवला. रसूलभाऊनं काही विचारलंच नाही, एका नजरेत ओळखलं. त्यानं पाना फडक्यानं पुसला आणि टर्र करून नंबर घातला. नव्याची चकाकी जावी म्हणून त्यानं तो काळ्या तेलात बुडवून वाळूवर घासला. मग मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाला, की पोरगी एवढी शिकली पण उस्तादाची लाज राखायला विसरली नाही. मीही इकडून हो हो म्हटलं. ती पाना उचलून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी फळा भरलेला होता. कोणी काही विचारलं नाही. पिवळ्या पट्ट्याचं विमान उडालं, उतरलं, पुन्हा उडालं.

त्यानंतरची पोरगी मी रोज पाहत होतो आणि मला ती ठीक दिसत नव्हती. आमच्या बाजारावरून ते विमान गेलं की सगळे वर पाहतात. चहावाला पाहतो, भाजीवाली पाहते, मीही पाहतो. मदीहा पूर्वी पळत बाहेर यायची आणि आवाजावरूनच कोणतं विमान ते सांगायची. आता विमानाचा आवाज आला की ती जमिनीकडे पाहायची. आवाज पार विरेपर्यंत तशीच. एकदा तर इंजिनाची घरघर डोक्यावर असताना तिनं पत्र्याची कड इतकी घट्ट धरली होती की बोटाला कापलं. नजमाभाभी म्हणाल्या, पोरीला नजर लागली, जेवत नाही. रसूलभाऊ म्हणाला, परीक्षा जवळ आली आहे. मी मनात म्हटलं, परीक्षेनं माणूस पिवळा पडतो, पण असा कान लावून बसत नाही.

एका दुपारी ती माझ्या दुकानात आली. झेरॉक्स काही काढायची नव्हती. उगाच कागदाच्या गठ्ठ्याच्या कडा सारख्या करत बसली, आणि मग म्हणाली, "काका, हरवलेल्या वस्तूच्या जागी तशीच दुसरी आणून ठेवली, तर पहिली कुठी जाते?"

मी म्हटलं, जिथं आहे तिथंच राहते, कुठं जाईल. ती मान हलवून निघून गेली. मला तेव्हा काही कळलं नाही, पण अंगावर सरकन काटा आला होता हे आठवतं. बाहेर बेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीचं ऊन होतं.

आता प्रिया. ही ऊर्जानगरची पोरगी, वडील तिथं वीज केंद्रात नोकरीला. ती त्याच धावपट्टीवर विमान चालवायला शिकत होती. मदीहाची आणि तिची तिथंच मैत्री झाली. मोठ्यानं हसणारी, सतत काहीतरी खाणारी, बोलण्यात कोणाला न आवरणारी पोरगी. मे अर्धा झाला असेल. ती ओळखपत्राची झेरॉक्स काढायला माझ्याकडे आली, कारण त्या दिवशी ती पहिल्यांदाच एकटीनं तासभर विमान घेऊन जाणार होती, आणि कसलासा कागद पूर्ण करायचा राहिला होता. ऊन कललं की निघायचं होतं. मदीहा पत्र्यापलीकडे होती, तीही माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली. त्या दिवशी तिची सुटी होती.

प्रिया बिस्किट खात सगळं सांगत होती. कोणतं विमान मिळणार, तर पिवळ्या पट्ट्याचं. घरच्यांना सांगितलं नाही, आई घाबरते. मग झेरॉक्सचा कागद हातात घेता घेता सहज म्हणाली, "त्या विमानाले काय झालं काय माहीत. दांडी मागं ओढली का कधी कधी शेपटीतून टक् वाजते. सरांनी जमिनीवर हलवून पाह्यलं, तं काहीच नाई वाजलं."

तिनं स्कूटी सुरू केली आणि गेली. अर्ध्या तासानंही मदीहा पायरीवर तशीच उभी होती. मी तिला बस म्हटलं, पाणी दिलं, तिनं ग्लास घेतला नाही. ती सरळ बापाच्या दुकानात गेली, आणि पुढचं सगळं मी पत्र्यातून ऐकलं.

तिनं एका दमात सांगून टाकलं. पाना पळसाखाली पडला नव्हता. जेवणानंतर ती पुन्हा शेपटीत गेली होती, राहिलेलं एक चाक करायला, आणि पाना तेव्हा तिच्या हातात होता. हे तिला त्याच रात्री आठवलं होतं. आठवल्यावरही ती रोज स्वतःला सांगत होती की नाही, पळसाखालीच पडला. शेपटीत तारा असतात, दांडीपासून मागच्या पंखापर्यंत जाणाऱ्या. पाना सरकत सरकत तिथं अडकला तर विमानाचं नाक वर येणार नाही. उतरताना नाक वर घ्यावंच लागतं.

पलीकडची टर्र टर्र थांबली. मग त्यानं जे सुचवलं ते त्याच्या जागी गावातल्या कोणत्याही कारागिरानं सुचवलं असतं. आज विमान जाऊन येऊ दे. एवढे दिवस काही झालं नाही, आज काय होणार. उद्या सकाळी लवकर जा, कोणी यायच्या आत शेपटी उघड, पाना काढ आणि पुन्हा बंद कर. ना सरांना त्रास, ना तुझं वर्ष जाणार. तो हे अतिशय प्रेमानं सांगत होता. मला पलीकडे बसून त्याची दया येत होती आणि रागही येत होता, आणि मी मात्र जागचा हललो नव्हतो.

"आज प्रिया एकटी हाये अब्बा," मदीहा म्हणाली. "उद्याचं मले काय सांगून राह्यले?"

मग तिनं आधी प्रियाला आणि मग रामटेके सरांना फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. तिथं विमानाजवळ जाताना फोन आत ठेवून जावा लागतो, हे तिलाच माहीत होतं. धावपट्टीवरच्या दुसऱ्या कोणाचा नंबर तिच्याकडे होता तोही लागेना. तेव्हा मी शटर ओढलं आणि माझी जुनी ओम्नी काढली. रसूलभाऊ अनवाणीच येऊन मागं बसला.

रेल्वेचं फाटक बंद होतं. आमच्या इकडे कोळशाची मालगाडी एकदा सुरू झाली की संपायचं नाव घेत नाही. डबे जात होते, काळी धूळ काचेवर बसत होती, आणि मदीहा फोन लावत होती. एवढ्यात वर घरघर ऐकू आली. या वेळी तिनं खाली पाहिलं नाही. दार उघडून ती रस्त्यावर उतरली आणि तळहात डोळ्यांवर धरून वर पाहत राहिली. पिवळा पट्टा मलाही दिसला. विमान अगदी सरळ, संथ चाललं होतं, त्याला काही झालंय असं कोणी म्हटलं नसतं.

त्याच वेळी तिचा फोन उचलला गेला. ती म्हणाली, "सर, पिवळ्याच्या शेपटीत पाना हाये. माझ्या हातून राह्यला. फळ्यावरचा खोटा हाये." एवढंच. पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. ती गाडीत येऊन बसली आणि म्हणाली की सर रेडिओवर प्रियाशी बोलायला गेले आहेत.

आम्ही पोचलो तेव्हा विमान धावपट्टीभोवती घिरट्या घालत होतं. विमान शिकवणारे साहेब रेडिओ तोंडाशी धरून उभे होते आणि प्रियाला शांतपणे सांगत होते, की दांडी जोरात ओढायची नाही, थोडी थोडी ओढ, अडकली तर पुढं सोड आणि पुन्हा ओढ. रामटेके सरांनी आमच्याकडे पाहिलंही नाही. आग विझवायची लाल नळकांडी घेऊन दोन माणसं गवतात उभी होती. प्रियाचा आवाज रेडिओतून येत होता. मघाशी माझ्या दुकानात बिस्किट खाणारा तोच आवाज, फक्त आता ती एकेका शब्दानंच उत्तर देत होती. एकदा ती म्हणाली, "अडकली." साहेब म्हणाले, पुढं सोड, पुन्हा ओढ. मग म्हणाली, "सुटली."

विमान उतरायला आलं. मला विमानातलं काय कळतं, पण नाक वर यायला हवं होतं आणि ते येत नव्हतं एवढं मलाही दिसलं. शेवटच्या क्षणी ते जरासं उचललं. विमान पुढच्या चाकावरच आपटलं, उसळलं, पुन्हा आपटलं, आणि चाक मोडून नाक घासत घासत कडेच्या गवतात जाऊन थांबलं. धूळ उडाली. दार उघडलं आणि प्रिया स्वतःच्या पायांनी बाहेर आली. ती धावपट्टीच्या कडेला खाली बसली आणि रडायला लागली. मदीहा तिच्याकडे जायला निघाली, पण अर्ध्या वाटेवर थांबली. प्रियानं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं. त्या पोरीला दोष कोण देणार.

शेपटी उघडली तेव्हा पाना तारेच्या टोकाच्या पट्टीखाली तिरपा बसलेला होता. तारेनं घासून घासून त्याची एक कड आरशासारखी लखलखत होती. रामटेके सरांनी तो काढला, मदीहाला दाखवला, आणि आवाज न चढवता सांगितलं की कॉलेजला कळवावं लागेल. हे वर्ष तर गेलंच. पुढं तिला परत बसू देतात की नाही ते त्यांच्या हातात नाही. तिनं मान खाली न घालता ऐकून घेतलं. मला वाटलं, संपलं. पोरीची पदवी गेली, पण पोरगी जिवंत आहे, दुसरीही जिवंत आहे, आता घरी जाऊ.

पण सर फळ्यासमोर जाऊन उभे राहिले. त्यांनी मदीहानं ठेवलेला पाना काढला आणि त्यावरचा नंबर उजेडात धरून पाहिला. हा कोणी घातला, असं त्यांनी विचारलं. रसूलभाऊ दाराशी अनवाणी उभा होता. त्यानं आपलं नाव सांगितलं. लपवायचं त्याला काही कारणही नव्हतं, त्याच्या लेखी ते चांगलं काम होतं. सरांनी खुर्ची ओढून फळ्यासमोर ठेवली.

"रसूलभाऊ, यातले तुमच्या हातचे अजून किती हायेत?"

रसूलभाऊला आधी प्रश्न कळलाच नाही. मग कळला. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. एका माणसाचा चेहरा एवढ्या थोड्या वेळात एवढा म्हातारा झालेला मी पाहिला नव्हता. त्याला नाही म्हणता आलं असतं. मदीहा समोरच उभी होती, आणि तो तिच्याकडे न पाहता खिशातून चष्मा काढून फळ्याजवळ गेला. एकेक हत्यार हातात घेऊन तो नंबर पाहायचा आणि पुन्हा टांगायचा. खूप वेळानं त्यानं एक पकड काढली आणि टेबलावर ठेवली. चारचा आकडा वरून बंद होता. ती एका शिकाऊ पोरासाठी होती, त्याला चेहरा आठवत होता, नाव नाही. पुढं आणखी पाहून त्यानं एक छोटा पेचकस ठेवला. हा निकेशचा, तो म्हणाला. निकेश नावाचा फिटर इथं होता, मागच्या वर्षी हैदराबादला गेला. रात्र पडायच्या वेळेला घाबराघुबरा आला होता. रसूलभाऊनं त्याच्याकडूनही पैसे घेतले नव्हते.

"मले वाटलं, पोराची नोकरी वाचवून राह्यलो," रसूलभाऊ म्हणाला, आणि टेबलाला धरून खाली बसला. मदीहा त्याच्याजवळ जाऊन जमिनीवर बसली. त्याचा हात तिनं आपल्या हातात घेतला.

खरी पकड कोणत्या विमानात राहिली असेल ते शोधायचं होतं. धावपट्टीवरची दोन्ही विमानं उघडायची, सगळी शेपटी, सगळे पंख, असं सरांनी माणसांना सांगितलं. पेचकसाचं त्यांनी शेवटी सांगितलं. निकेश होता तेव्हा इथं तिसरं एक विमान होतं, आणि निकेश त्याच्यावरच काम करायचा. दिवाळीनंतर ते विमान दक्षिणेकडच्या एका शिकवणाऱ्या संस्थेला विकलं होतं.

सरांनी तिथला नंबर शोधला आणि आमच्यासमोरच फोन लावला. पलीकडून कोणी उचलला. सरांनी हळूहळू, एकेक शब्द नीट सांगत सगळं सांगितलं, विमानाचा क्रमांक दोनदा सांगितला, आणि ते आत्ताच्या आत्ता जागेवर थांबवा असं म्हणाले. मग ते ऐकत राहिले. फोन ठेवून त्यांनी आम्हाला सांगितलं, की ते विमान आत्ता वर आहे, उतरलं की कळवतो असं तो माणूस म्हणाला.

आम्ही सगळे टेबलावरच्या त्या फोनकडे पाहत बसलो.